संगणकाचा कारभारी

ग्रामपंचायतीत संगणक असतो. सोसायटीत असतो. शाळेतही असतो. पण संगणक म्हणजे नुसती पेटी नव्हे. पेटीच्या आत एक कारभारी लागतो. आपण कोणती कळ दाबली, हे तो पाहतो. कागद कुठे ठेवला, हे ध्यानात ठेवतो. छापायच्या यंत्राला हुकूम देतो. हा कारभारी माणूस नव्हे. तो सूचनांचा एक मोठा संच असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात.

असे कारभारी दोन प्रकारचे असतात. एक कंपनीचा, दुसरा खुला.

कंपनीच्या कारभाऱ्यांत विंडोज सर्वांत जास्त आढळतो. तो अमेरिकेतील मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९८५ साली प्रथम बाजारात आणला. त्याच्या सूचना कंपनीच्या कुलपात असतात. त्याचे पैसे पडतात. नवा संगणक घेताना बहुधा ते किमतीतच धरलेले असतात. एकाने घेतलेला विंडोज दहा जणांना उतरवून देणे कायद्याने चालत नाही.

खुल्या कारभाऱ्याचे नाव लिनक्स. त्याच्या सूचना कोणालाही वाचता येतात, बदलता येतात. शेजाऱ्याला दिल्या तरी ती चोरी होत नाही.

हा खुलेपणा कशाला हवा? त्याची हकिकत ऐका. अमेरिकेत एमआयटी नावाची मोठी विद्यासंस्था आहे. १९८० च्या सुमारास तिथे रिचर्ड स्टॉलमन कामाला होते. तिथल्या छापायच्या यंत्रात कागद अडकत असे. जुन्या यंत्राच्या वेळी त्यांनी सूचनांत सुधारणा केली होती. कागद अडकला की लोकांना निरोप जाई. मग नवे यंत्र आले. त्याच्या सूचना काही मिळेनात. स्टॉलमन यांनी मागून पाहिल्या, पण नकार मिळाला. यंत्र आपल्या दारात, अन् त्याला सुधारायची सोय नाही! १९८३ साली त्यांनी खुला कारभारी तयार करण्याचे जाहीर केले. पुष्कळ भाग तयार झाले, पण गाभा राहिला होता. तो १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहिला. पुढे देशोदेशींच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली.

आपण अक्षरे कशासाठी शिकलो? सावकाराची वही आपल्यालाही वाचता यावी म्हणून. वही उघडी असली तरी सगळेच ती वाचत नाहीत. पण गावात एकाला जरी वाचता आली, तरी चूक सापडू शकते. खुल्या सूचनांचेही तसेच आहे.

मग विंडोज वाईट का? नाही. त्याची माहिती असलेला दुरुस्तीवाला लवकर मिळतो. हिशेबाचे काही प्रोग्राम फक्त विंडोजवर चालतात. लिनक्सवर एखादे छापायचे यंत्र अडून बसते. जर्मनीतील म्युनिक शहराने कचेरीतले हजारो संगणक लिनक्सवर नेले होते. पण २०१७ साली त्यांनी विंडोजकडे परत जायचे ठरवले. उलट आपल्याच देशातील केरळ राज्य बघा. तिथे सरकारी शाळांतून मुले कित्येक वर्षे खुल्या कारभाऱ्यावर शिकत आहेत.

आता हा प्रश्न आपल्या दाराशी आला आहे. विंडोज १० हा २०१५ साली आला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने त्याची नेहमीची मोफत दुरुस्ती थांबवली. नाव नोंदवणाऱ्यांना थोडी वाढीव मुदत दिली, एवढेच. त्याचे संगणक काही बंद पडले नाहीत. पण नवे भोक पडले तर ते बुजवणार कोण? घुशीने बांध पोखरावा, तसा चोर आत शिरतो. पुढचा विंडोज ११ घालावा, तर जुन्या पेट्या त्याच्या अटीत बसत नाहीत. म्हणजे धडधाकट यंत्र भंगारात काढायचे काय?

अशा वेळी लिनक्स करून पाहण्यासारखा आहे. त्याचे काही प्रकार हलके असतात. ते जुन्या पेटीवरही चालतात.

आमचे सांगणे इतकेच. घाई करू नका. जाणत्या माणसाकडून पेन ड्राइव्हवर लिनक्स घ्या. तो तिथूनच चालवून पाहता येतो. आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. मग चार गोष्टी तपासा. मराठी नीट लिहिता येते का? छापायचे यंत्र चालते का? आपल्या कामाचे प्रोग्राम चालतात का? अडले तर जवळपास सांगणारा कोणी आहे का? चारही उत्तरे होय असतील, तर बदला. नसतील, तर थांबा.

अन् बदलण्याआधी सगळे कागद दुसरीकडे उतरवून ठेवा. कारभारी पुन्हा ठेवता येतो, पण पुसलेला हिशेब परत मिळेलच असे नाही.