दीड हाताचं अंतर

खाट आणि चाकाची खुर्ची यांत जेमतेम दीड हाताचं अंतर असतं. ते पार करायला शिकण्यात आणि शिकवण्यात माझी ३६ वर्षं गेली. १९८५ मध्ये फिजिओथेरपीची विद्यार्थिनी म्हणून मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या मेडिकल वॉर्डात पहिल्यांदा गेले, तेव्हा पेशंटला खुर्चीत बसवण्याचं काम वॉर्डातले मामा करत. दोघं दोन बाजूंना उभे राहत, पेशंटच्या काखेत हात घालत आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणत माणूस उचलत. पाय फरशीवरून घासत जात. खुर्चीत तो अर्धवट आडवा पडे, मग मागून धरून त्याला पुन्हा वर ओढायचं. मामांच्या ताकदीचं आम्हा मुलींना कौतुक वाटे. यात काही चुकतंय असं आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही.

चूक दिसली ती एका पेशंटच्या खांद्यात. पन्नाशीचे गृहस्थ, पक्षाघातानं उजवी बाजू लुळी पडलेली, बोलणं बंद. खांद्याची खोबण मुळातच उथळ असते, हात जागेवर राहतो तो भोवतीच्या स्नायूंच्या जोरावर. ते स्नायू ढिले पडले की हाताचा सगळा भार नुसत्या सांध्याच्या आवरणावर लोंबकळतो. अशा वेळी काखेत हात घालून उचललं किंवा लुळा हात धरून ओढलं, की सांधा खाली सरकतो. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या पायात ताकद येऊ लागली होती, पण उभं करायला गेलं की ते डोळे मिटून मान हलवत. दुखतंय हे सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हते. त्यांचा पाय परत येत होता आणि खांदा आम्ही घालवला होता. ती मान हलवणं मी विसरलेले नाही.

पुढे वाचनात आलं, की ब्रिटनमध्ये पाठदुखीवर काम करणारी संघटना आणि तिथली परिचारिकांची संस्था यांनी मिळून १९८१ मध्येच रुग्ण हाताळण्याची एक पुस्तिका काढली होती आणि काखेतून ओढण्याची ही पद्धत तिथे तेव्हापासून धोक्याची ठरली होती. आम्ही चार वर्षांनंतरही तीच शिकत होतो.

या कामाची मुळं शोधत मागे गेलं, की दोन गोष्टी समोर येतात. एक म्हणजे खुर्ची. खाणीतल्या अपघातात अधू झालेले हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेत फुलीच्या आकाराच्या सांगाड्यावर मिटणारी, नळ्यांची खुर्ची बनवली. आज कोणत्याही जिल्हा रुग्णालयाच्या दारात उभी असलेली खुर्ची तिच्याच वंशातली. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. फेब्रुवारी १९४४ मध्ये डॉ. लुडविग गुटमान यांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल इथे मणक्याच्या दुखापतींचा विभाग सुरू केला. तोवर कंबरेखालून लुळा झालेला सैनिक बिछान्यात पडून राही आणि शय्याव्रणांनी किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गानं बहुधा थोड्याच काळात दगावे. गुटमान यांनी दर दोन तासांनी कूस बदलणं सक्तीचं केलं आणि माणसांना खाटेबाहेर काढलं. २९ जुलै १९४८ रोजी तिथल्या हिरवळीवर १६ जणांनी चाकाच्या खुर्चीतून धनुर्विद्येची स्पर्धा खेळली.

त्याच परंपरेत आपले मुरलीकांत पेटकर येतात. सांगली जिल्ह्यातला हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाला आणि त्यानं १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत पोहण्यात भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. पुण्याजवळ खडकीला जखमी जवानांचं पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे. पायांत जराही ताकद नसलेला माणूस दोन्ही हात टेकवून, डोकं पुढे झुकवून, एका हालचालीत खाटेवरून खुर्चीत जातो, हे मी तिथे नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पाहिलं. मदतीला पुढे झालेला माझा हात तसाच राहिला. इतकी वर्षं आम्ही ‘उचलणं’ हा शब्द वापरत होतो. त्यानं केलं ते ‘उठणं’ होतं.

उचलणाऱ्यांच्या पाठीचा विचार नियमांत आला तो त्यानंतर. ब्रिटनमध्ये हातानं ओझी हाताळण्याविषयीचे नियम १९९२ मध्ये झाले. २००७ मध्ये अमेरिकी संशोधक थॉमस वॉटर्स यांनी हिशेब मांडला, की रुग्णाला हाताळताना एका माणसानं जास्तीत जास्त १६ किलोपर्यंतच भार घ्यावा, तोही परिस्थिती अनुकूल असेल तर. कारण माणूस म्हणजे पेटी नव्हे. पेटीला मुठी असतात, ती घाबरून तुमची मान धरत नाही. माणूस धरतो. आमच्याकडे हा आकडा पोहोचेपर्यंत माझ्या बरोबरीच्या किती सिस्टर साडीखाली कंबरपट्टा बांधून रात्रपाळी करत होत्या! त्या निवृत्त झाल्या, दुखणं राहिलं. त्या पाठींची नोंद कुठेच झालेली नाही आणि याचा मला आजही राग येतो.

मी आता शिकवते ते असं. खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला, खाटेशी ३० ते ४५ अंशांत तिरकी लावायची. दोन्ही ब्रेक लावायचे आणि खुर्ची ढकलून पाहायची, कारण ब्रेक लावलेला असणं आणि तो लागणं यांत फरक आहे. खाटेला चाकं असतील तर तीही अडकवायची. पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला. लघवीची पिशवी कुठे लटकतेय ते बघून घ्यायचं. मग पेशंटला कुशीवर वळवून, पाय खाली सोडून काठावर बसवायचं आणि थांबायचं. बरेच दिवस आडवं असलेल्या माणसाचा रक्तदाब एकदम उठल्यावर उतरतो. दोन-तीन मिनिटं गप्पा माराव्यात. उत्तर उशिरा आलं, घाम फुटला, चेहरा पांढरा पडला, तर पुन्हा आडवं करायचं. खुर्ची कुठे जात नाही.

खरी गोम पुढे आहे. आपण कोणीही खुर्चीतून उठताना पावलं मागे घेतो आणि आधी पुढे वाकतो, नाक पायाच्या बोटांवर येईतो. मगच बूड सुटतं. मागे रेललेल्या माणसाला उठवायचं म्हणजे त्याचं सगळं वजन स्वतःवर घ्यायचं. आणि घरची माणसं मायेनं नेमकी त्याच्या छातीशी चिकटून उभी राहतात. त्याला वाकायला जागाच उरत नाही! म्हणून थोडं बाजूला उभं राहायचं, कंबरेच्या पट्ट्याला धरायचं, आपल्या गुडघ्यानं त्याच्या लुळ्या गुडघ्याला आधार द्यायचा. गळ्यात हात घालू द्यायचे नाहीत. आपण कंबर पिळायची नाही, पावलं फिरवायची. खुर्चीची कड त्याच्या पोटऱ्यांना लागली, हात खुर्चीच्या हातावर गेला, की सावकाश खाली. जो पायांवर थोडाही भार घेऊ शकत नाही, त्याला एकट्यानं असं हलवू नये. त्याच्यासाठी सरकफळी किंवा झोळीचा हॉइस्ट हवा, आणि तो येईपर्यंत प्रशिक्षित मदतनीस.

वॉर्डात हे जमतं. घरी दुसराच प्रश्न निघतो. मागच्या वर्षी सातारा जिल्ह्यातल्या एका गावी गेले होते. तिथल्या एका घरी काकांना पक्षाघात होऊन सहा महिने झालेले, काकूंचं वजन ४२ किलो, काकांचं ७०. “हे उठतच नाहीत हो,” काकू म्हणाल्या. मी दिवाण मोजला. जमिनीपासून १५ इंच. खुर्ची २० इंच. सहा महिने ते दोघं रोज खड्ड्यातून चढावर जात होते.

दुपारी गल्लीतल्या सुतारानं बाभळीचे चार ठोकळे केले, दिवाणाचे पाय घसरू नयेत म्हणून वर खाच पाडून. दिवाण पाच इंच वर आला. काकांच्या टाचा जमिनीला टेकताहेत ना, ते मी खाली बसून पाहिलं. काकूंनी दोन्ही ब्रेक लावले, खुर्ची ढकलून पाहिली, आणि काकांच्या समोरून एक पाऊल बाजूला झाल्या. काका पुढे वाकले.