शेजारच्या तारेचें बोलणें

सोलापुरी चादर उजेडासमोर धरून पाहिली, तर तिच्यांतील उभे धागे एकमेकांना बिलगून, पण एकमेकांत न मिसळतां, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेले दिसतात. विणकर त्यांना ताणा म्हणतो. आडवा बाणा जातांना ताण्यांतील कोणता धागा वर उचलावयाचा आणि कोणता खालीं ठेवावयाचा, यावरच चादरीवरील मोर किंवा फूल अवलंबून असतें. शेजारचा धागा उचलला गेला म्हणून आपणहि थोडें वर जावें, असें कोणत्याहि धाग्याला वाटत नाहीं. सुताचा हा गुण विजेच्या तारेंत मात्र नाहीं. दोन तारा शेजारीं शेजारीं ठेविल्या कीं एकीचें बोलणें दुसरीला ऐकूं जातें. मग त्यांच्यावर प्लॅस्टिकचें कितीहि उत्तम वेष्टण असो. या प्रकाराला तंत्रज्ञ ‘क्रॉसटॉक’ म्हणतात.

सोलापुरला हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. या शहरांत पहिली कापडगिरणी १८७७ सालीं सुरू झाली. नक्षीच्या चादरीसाठीं लागणारें जेकार्ड हें यंत्र त्याहूनहि जुनें. फ्रान्समधील लिओं शहरच्या जोझेफ मारी जाकार यानें तें १८०४ सालच्या सुमारास सिद्ध केलें. भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ त्यांत फिरते. प्रत्येक सुई आपल्यापुढें भोंक आहे कीं कोरा पुठ्ठा आहे एवढेंच पाहते, आणि त्याप्रमाणें तिचा हूक धागा उचलतो किंवा सोडून देतो. येथें निरोप लोखंडाच्या सुईंतून जातो. म्हणून एका सुईचा निरोप दुसरीला कळण्याची भीति नसते. पुढें १९८३ सालीं मिलान येथील यंत्रप्रदर्शनांत इलेक्ट्रॉनिक जेकार्ड लोकांसमोर आलें. पत्ते गेले, नक्षी संगणकांत शिरली, आणि हूक धरण्या-सोडण्याचें काम विद्युच्चुंबकांकडे आलें. आज सोलापुरांतील कांहीं कारखान्यांतहि असे माग चालतात. नक्षीचा निरोप आतां तारांनीं न्यावा लागतो, आणि तारांबरोबर तारांचे दोषहि मागापाशीं येऊन पोहोंचतात.

संगणकाच्या आणि त्यावर चालणाऱ्या यंत्रांच्या पोटांत पुष्कळ ठिकाणीं एक चपटी केबल दिसते. तिच्यांतील तारा, ताण्यांतील धाग्यांप्रमाणेंच, एका ओळींत शेजारीं शेजारीं चिकटविलेल्या असतात. नेहमींच्या केबलींत एका तारेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचें अंतर १.२७ मिलिमीटर असतें. टोकाला कनेक्टर बसवितांना त्याचे दुभंगलेले दांत एकाच दाबांत सर्व तारांच्या वेष्टणांत घुसतात आणि आंतल्या तांब्याला घट्ट धरतात. एकेक तार सोलण्याचें व डाग देण्याचें काम उरत नाहीं. स्वस्ताई आणि सोय या दोन गुणांमुळें ही केबल सर्वत्र पसरली. पण जी रचना जोडणीला सोयीची, तीच कुजबुजीलाहि सोयीची ठरली.

ज्यांनीं जुन्या काळीं ट्रंक कॉल केले असतील, त्या श्रोत्यांना ही कुजबूज नवी नाहीं. आपण घरच्या माणसाशीं बोलत आहों आणि मागून कोणा अनोळखी व्यापाऱ्याचा भाव बारीक आवाजांत ऐकूं येत आहे, हा अनुभव पूर्वीं नित्याचा होता. मनुष्याचें त्यानें फारसें अडत नसे. आपलें कोण आणि परकें कोण हें कान ओळखतो, आणि बुडालेला शब्द मन भरून काढतें. यंत्राला असा कान नाहीं. तें ठरलेल्या क्षणीं एवढेंच पाहतें, कीं तारेवरील दाब ठरलेल्या मर्यादेच्या वर आहे कीं खालीं. वर असला तर एक, खालीं असला तर शून्य. शेजारणीच्या धक्क्यानें तो दाब क्षणभर वर गेला, तर यंत्र तें खरें मानून चालतें. त्याला शंका येत नाहीं.

हा धक्का दोन वाटांनीं पोहोंचतो. एका तारेवरील दाब बदलला कीं तिच्या भोंवतालचें विद्युत्-क्षेत्र बदलतें, आणि शेजारच्या तारेंतील विद्युत्-भार ढकलला जातो. ही पहिली वाट. तारेंतील प्रवाह बदलला कीं तिच्या भोंवतालचें चुंबकीय क्षेत्र बदलतें, आणि शेजारच्या तारेंत नवा दाब उत्पन्न होतो. ही दुसरी. दोन्ही ठिकाणीं ‘बदल’ हा शब्द महत्त्वाचा आहे. स्थिर वीज शेजारणीला त्रास देत नाहीं. बदलती वीज देते, आणि बदल जितका झटक्याचा तितका त्रास अधिक. म्हणूनच जो कनेक्टर सावकाश चालणाऱ्या यंत्राला वर्षानुवर्षें निर्धास्त पुरला, तोच वेगवान यंत्राला लावतांच चुका करूं लागतो. त्याच्यांत बिघाड झालेला नसतो; त्याच्याकडून होणारी अपेक्षा बदललेली असते.

वेष्टण जाड केलें म्हणजे ही पीडा टळेल, असें प्रथम कोणालाहि वाटेल. पण वेष्टण विजेला अडवितें, क्षेत्राला नव्हे. खरें मर्म परतीच्या वाटेंत आहे. तारेंतून गेलेला प्रवाह कोठें तरी जाऊन नाहींसा होत नाहीं. तो उगमाकडे परत यावाच लागतो, आणि ही परतीची वाट म्हणजे ग्राउंडची तार. जाणारी व येणारी तार अगदीं लगत असल्या, तर दोघींचीं चुंबकीय क्षेत्रें उलट दिशांचीं असल्यामुळें थोड्या अंतरावर एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. परतीची वाट दूर असली, तर या दोहोंमध्यें मोठा फांसा तयार होतो, आणि त्या फांशांत ज्या ज्या तारा सांपडतात त्या सर्वांना धक्का बसतो. शिवाय अनेक तारांना मिळून परतीची वाट एकच असली, तर निराळीच अडचण येते. गिरणीचा भोंगा होतांच सर्व पाळी एकाच अरुंद दारानें बाहेर पडूं लागली म्हणजे जी रेटारेटी होते, तशी पंधरा तारा एकाच क्षणीं बदलल्या म्हणजे त्या एका ग्राउंडच्या पिनेंत होते. अशा वेळीं गप्प राहिलेली सोळावी तारहि आपल्या जागेवर स्थिर दिसत नाहीं.

केबलीपेक्षां कनेक्टरांत हा प्रश्न अधिक कठीण होतो. केबलींत तारांची मांडणी आरंभापासून शेवटपर्यंत सारखी राहते. कनेक्टरांत तीच ओळ एकाएकीं तुटते. पिना दोन रांगांत उभ्या राहतात, त्यांचा आकार तारेहून निराळा असतो, आणि परतीची पिन कांहीं तारांना जवळ, तर कांहींना बरीच दूर पडते. सुदैवानें कनेक्टरची लांबी थोडी असते. संकेताचा चढ जोंपर्यंत सावकाश आहे, तोंपर्यंत एवढ्या आंखूड वाटेवरची गल्लत खपून जाते. पण चढ एखाद्या नॅनोसेकंदांत होऊं लागला, कीं ती दुर्लक्ष करण्याजोगी राहत नाहीं. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. तेवढ्यांत प्रकाशहि सुमारें ३० सेंटिमीटरच जातो.

घरोघरच्या संगणकांत पूर्वीं हार्ड डिस्कला जोडणारी जी चपटी केबल असे, तिच्या इतिहासांत हा सर्व झगडा सांपडतो. त्या केबलींत ४० तारा होत्या आणि ग्राउंडच्या वांट्याला त्यांपैकीं अवघ्या ७ जागा. माहिती वाहणाऱ्या १६ तारा ३ पासून १८ पर्यंतच्या पिनांवर एकीला लागून एक बसविलेल्या. दुसऱ्या व एकोणिसाव्या जागेवर ग्राउंड, मध्यें एकहि नाहीं. सेकंदाला ३३ मेगाबाइट या वेगापर्यंत हें निभावलें. वेग ६६ मेगाबाइटवर नेण्याची वेळ आली तेव्हां, म्हणजे २००० सालाच्या आसपास, केबल ८० तारांची झाली. नव्या ४० तारांवर कोणताहि निरोप नव्हता. त्या प्रत्येक दोन जुन्या तारांच्या मध्यें बसविल्या, आणि सर्व कनेक्टरच्या आंतच ग्राउंडला जोडल्या. निम्म्या तारा मुक्या ठेवून उरलेल्या निम्म्यांना स्पष्ट बोलतां आलें, आणि तीच लांबी राखून पुढें वेग १३३ मेगाबाइटपर्यंत गेला. पण कनेक्टर मात्र पूर्वींच्याच ४० पिनांचा राहिला. केबलीच्या वाटेवर प्रत्येक तारेला सोबत मिळाली. पिनांच्या त्या एवढ्याशा वाटेवर ती मिळाली नाहीं.

ती उणीव २००३ सालच्या नव्या पद्धतीनें भरून काढली. सीरिअल एटीए या नांवाच्या त्या जोडणींत माहितीसाठीं सातच पिना आहेत. त्यांपैकीं तीन ग्राउंडच्या: दोन्ही कडांना एकेक आणि मध्यें एक. उरलेल्या चार पिनांच्या दोन जोड्या. जोडींतील एक तार वर जाते तेव्हां दुसरी तितकीच खालीं येते, आणि ऐकणारें यंत्र दोघींमधील फरक तेवढा पाहतें. बाहेरचा धक्का दोघींना सारखाच बसला, तर फरक बदलत नाहीं. सोळा तारांची ओळ गेली, आणि थोड्या तारांवर अधिक वेग आला.

कनेक्टर रचणाऱ्यापुढें आज जे उपाय आहेत, ते याच तत्त्वाचे निरनिराळे अवतार होत. पहिला उपाय ग्राउंडच्या पिना संकेतांच्या मध्यें पेरण्याचा. प्रत्येक संकेताला एक ग्राउंड देतां आली तर उत्तमच. जागा किंवा पैसा अपुरा असेल, तर दोन संकेतांना एक. दुसरा उपाय दोन रांगांच्या मध्यें धातूची पातळ पट्टी उभी करण्याचा. मात्र ती नुसती उभी करून भागत नाहीं. अनेक ठिकाणीं ग्राउंडला जोडलेली असली तरच तिच्यांतून परतीचा प्रवाह वाहतो. तिसरा उपाय समांतर धांव आंखूड करण्याचा व शेजारच्या जोड्या शक्य तेथें एकमेकींना आडव्या ठेवण्याचा. चौथा उपाय उगमापाशीं लहानसा रोध बसवून संकेताचा चढ थोडा सौम्य करण्याचा; कामापुरता वेग ठेवून अधिकाची हांव न धरणें, हा त्याचा अर्थ.

पांचवा उपाय सर्वांत मनोरंजक आहे, आणि तो टेलिफोनच्या खांबांवरून आलेला आहे. जोडींतील एक तार शेजारणीला नेहमीं जवळ राहिली, तर धक्का दोघींना सारखा बसत नाहीं आणि फरक उरतो. म्हणून ठराविक अंतरावर दोघींच्या जागा बदलीत, म्हणजे जी जवळ होती ती दूर जाई. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें १८८१ सालीं दोन तारांना एकमेकींभोंवतीं पीळ देण्याचें पेटंट घेतलें, तेंहि याच हेतूनें. कनेक्टरांत पीळ देण्याइतकी जागा नसते. तरी जोडींतील दोन पट्ट्या मध्येंच एकमेकींना ओलांडून जागा बदलतील असें करतां येतें. नेटवर्कच्या भिंतींतील सॉकेटमध्यें ही युक्ति सर्रास वापरतात. प्लगमध्यें झालेली गल्लत सॉकेटमध्यें तितकीच उलट गल्लत मुद्दाम करून फेडली जाते.

आतां पुन्हां मागाकडे यावें. समजा, एखाद्या मागावर नक्षींत चूक येऊं लागली. कारागीर हूक बदलतो, दोरी बदलतो, सूतहि बदलून पाहतो, आणि चूक तशीच राहते. अशा वेळीं एक गोष्ट लक्षपूर्वक पाहावी. जोड ढिला असेल, तर चूक माग हादरेल तशी येते, कोणत्याहि ठिकाणीं येते. क्रॉसटॉक असेल, तर चूक निरोपावर अवलंबून असते. जेथें पुष्कळ धागे एकदम उचलावयाचे व एखादाच खालीं ठेवावयाचा, अशा फुलापाशींच ती पुनःपुन्हां येते. साध्या पट्ट्यावर येत नाहीं. नक्षी बदलतांच तिची जागाहि बदलते. एवढें ध्यानांत आलें, कीं निष्कारण सुटे भाग बदलण्याचा खर्च वांचतो, आणि दृष्टि केबल व कनेक्टर यांच्याकडे वळते.

तेथें करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. कनेक्टर दोन्ही बाजूंनीं पूर्ण बसला आहे कीं नाहीं व पिनांवर तंतू सांचले आहेत काय, हें यंत्र बंद करून पाहावें. कारण ग्राउंडची एक पिन नीट लागली नाहीं, तरी तिच्या आधारानें चालणाऱ्या सर्व तारा डळमळतात. रिकामी तार मोकळी लोंबकळत ठेवूं नये. यंत्राच्या नकाशांत मुभा असेल, तर जाणत्या माणसाकडून तिचीं दोन्ही टोकें ग्राउंडला जोडून घ्यावीं. मोकळी राहिलेली तार राखण करीत नाहीं. उलट, इकडची कुजबूज तिकडे पोहोंचविते. चपटी केबल मोटारीच्या तारांबरोबर एकाच जुडग्यांत बांधूं नये, आणि गरजेहून लांब ठेवूं नये.

याखेरीज, आलेला निरोप खरा कीं खोटा याची पडताळणी यंत्रानेंच करावी, अशी सोयहि पुष्कळ ठिकाणीं असते. निरोपाबरोबर त्याच्यावरून काढलेला एक हिशेब धाडतात; तो जुळला नाहीं तर निरोप पुन्हां मागवितात. ही सोय असली म्हणजे बहुतेक चुका पकडल्या जातात व कापड वांचतें; पण पुन्हां पुन्हां मागण्यांत वेळ जातो. ती नसेल तेथें चुकीचा हूक निमूटपणें उचलला जातो, आणि चूक कळते ती ठाणाची घडी उलगडल्यावर. ज्या विणकरानें तें ठाण विणलें, त्याच्या हातांचा त्यांत दोष नसतो. तरी कापड परत येतें तें त्याच्याकडेच. म्हणून ज्या तारेवर कोणताहि निरोप नाहीं, ती वायां गेली असें हिशेबनिसानें मानूं नये. शेजारणीला तिचें स्वतःचें बोलणें बोलतां येतें, तें याच मुक्या तारेमुळें.