टर्कीची नजर

इ. स. १६१२ मध्ये मुकर्रबखान नावाचा सरदार गोव्याहून काही अपूर्व चिजा घेऊन जहांगीर बादशहाच्या दरबारी आला. त्यांत एक पक्षी होता. त्याचे मस्तक घटकेत लाल, घटकेत पांढरे, तर घटकेत निळे होते, हे पाहून बादशहाला मोठे नवल वाटले. त्याने ते आपल्या आत्मवृत्तात नोंदवून ठेवले. उस्ताद मन्सूरने काढलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पोर्तुगीज भाषेत या पक्ष्याला 'पेरू' म्हणतात, हे ऐकून आपल्या फळवाल्याला मौज वाटेल.

दरबारात आला तो पक्षी माणसाळलेला होता. त्याचा रानटी भाऊ उत्तर अमेरिकेच्या जंगलांत राहतो आणि त्याच्याइतका सावध पक्षी क्वचितच आढळेल. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला आहे, तो योग्यच आहे. पण तेथील शिकारी या पक्ष्याला बुजू न देता कसा जवळ आणतो, हा विषय बंदुकीपेक्षा स्वस्थ बसण्याचा अधिक आहे. म्हणून तो आपणांपुढे मांडावासा वाटला.

टर्कीचे नाक मंद. वाऱ्याची दिशा पाहण्याचे कारण नाही. कान मात्र तिखट, आणि डोळे त्याहून तिखट. ते मस्तकाच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे मान जराशी वळविली की चहूकडचे दिसते. रंगही त्याला उत्तम कळतात. म्हणून शिकारी झाडोऱ्याच्या रंगाचे कपडे घालतो, तोंडावर जाळी आणि हातांत मोजे चढवितो. मनगटावरच्या घड्याळाची एक चकाकी सारी सकाळ वाया घालविण्यास पुरेशी होते. तरीही वेष हा दुय्यमच. उघड्यावर निश्चल बसलेला मनुष्य एखादे वेळी टर्कीच्या नजरेतून निसटेल. उत्तम वेषातला, पण नाक खाजविणारा मनुष्य निसटणार नाही.

टर्की रात्री झाडावर झोपतो. वसंत ऋतूत पहाटे फटफटण्यापूर्वी शिकारी रानात शिरतो आणि घुबडासारखा घूत्कार करतो. तो ऐकून झाडावरचा नर न राहवून ओरडतो व आपला ठिकाणा सांगून बसतो. येथे नवशिक्याचा धीर सुटतो. तो रातथाऱ्याच्या अगदी खाली जाऊ पाहतो, एखादी काटकी मोडते, आणि पंखांचा फडफडाट तेवढा ऐकू येतो. जाणता मनुष्य शंभरेक यार्डांवर थांबतो आणि आपल्या खांद्यांहून रुंद अशा बुंध्याला पाठ टेकून बसतो.

मग तो मादीची साद घालतो. कोणी लहानशा लाकडी पेटीवर तिचे झाकण घासून आवाज काढतो, कोणी पाटीच्या दगडावर काडी घासून, तर कोणी तोंडात टाळूशी धरलेल्या पातळ पडद्याने. टर्कीच्याच पंखाच्या हाडांची पुंगी करण्याची रीत तेथील मूळ रहिवाशांपासून चालत आली आहे. आता यातली अडचण पाहा. निसर्गाच्या रिवाजाप्रमाणे नर पिसारा फुलवून उभा राहतो आणि मादी त्याच्याकडे जाते. शिकारी नेमके उलटे मागत असतो. त्यामुळे नर बरेचदा मध्येच थांबतो आणि 'ही येत का नाही?' अशा भावाने वाट पाहतो. अशा वेळी फार साद घातली की त्याला संशय येतो. गप्प बसले तर कधी अर्ध्या तासाने, कधी तासाने, तो न ओरडता, पाऊल न वाजविता येऊन उभा राहतो. कचेरीत फायलींची वाट पाहण्यात उमेद घालविलेल्या माझ्यासारख्याला ही विद्या साधावी असे वाटते. पण तेथे निदान हात हलविता येतात. बंदूक उचलायची ती त्याचे डोके झाडाआड किंवा पिसाऱ्याआड गेले की, तेवढ्या क्षणात. एकदा त्याने 'पट्' असा तुटक धोक्याचा आवाज काढला, की खेळ संपला.

या युक्तीत एक भयही दडलेले आहे. मादीची हुबेहूब साद आणि पूर्ण लपलेला मनुष्य, यांनी दुसरा शिकारीही फसतो. तो आवाजाच्या रोखाने सरपटत येतो आणि झुडपात हललेल्या रंगावर गोळी झाडतो. अशी माणसे जखमी झाली आहेत, दगावलीही आहेत. म्हणून लाल, पांढरा आणि निळा हे रंग अंगावर, अगदी हातरुमालाचेसुद्धा, असू नयेत असा तेथे दंडक आहे. बादशहाला मोहविणारे तेच तीन रंग! दुसरा मनुष्य दिसला तर हात हलवू नये, पक्ष्याचा आवाज काढू नये, मोठ्याने माणसाच्या वाणीने बोलावे. टर्की बुजला तर बुजो.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा पक्षी अमेरिकेच्या अनेक राज्यांतून नाहीसा झाला होता. पिंजऱ्यात वाढविलेले टर्की रानात सोडून पाहिले. त्यांना भीतीच ठाऊक नसल्याने ते टिकले नाहीत. १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांकडे वळविला. १९५० नंतर दारूच्या जोराने उडणाऱ्या जाळ्यांनी खरे रानटी टर्की धरून नव्या रानांत सोडण्यात आले. ते जगले, वाढले. आज त्यांची संख्या काही दशलक्षांत आहे. वसंतातल्या शिकारीत बहुतेक राज्यांत छातीवर केसांचा झुबका असलेला पक्षीच मारता येतो. मादी सहसा सुटते. आणि त्या पहाटे रानात गेलेल्यांपैकी बहुतेकजण रिकाम्या हातानेच परत येतात.