मज्जातंतूंवरील शुभ्र आवरण

बंगळूरच्या होसूर रस्त्यावर ‘निमहान्स’ ही मेंदू व मन यांच्या विकारांवर उपचार करणारी राष्ट्रीय संस्था आहे. दोन जुन्या संस्थांच्या विलीनीकरणातून १९७४ साली ती उभी राहिली. तेथील संग्रहालयात मानवी मेंदू जतन करून ठेवले आहेत. वाचकहो, आपण कधी तेथे गेलात, तर उभा छेद घेतलेल्या मेंदूकडे अंमळ निरखून पाहा. वरचा थर करडा, आतला भाग शुभ्र. ही शुभ्रता मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाची होय. मज्जातंतूंभोवती त्याचे वेढे असतात, आणि ‘मल्टिपल स्क्लेरोसिस’ हा रोग नेमका त्यांवरच घाला घालतो.

येथे विजेच्या तारेवरील वेष्टनाची उपमा देण्याचा प्रघात आहे. ती अर्धीच खरी. मायलिनमध्ये ठरावीक अंतरावर फटी असतात व संदेश एका फटीतून दुसरीकडे जणू उड्या घेत जातो. जाड, वेष्टित तंतूतून तो सेकंदाला शंभर मीटरपर्यंत धावतो. उघड्या, बारीक तंतूतून जेमतेम एक मीटर. या रोगात शरीराच्या रक्षक पेशीच वाट चुकून त्या आवरणावर तुटून पडतात. मागे जे कठीण वण राहतात, त्यांचे वर्णन पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ साली केले.

वण दृष्टितंतूवर पडला, तर एका डोळ्यापुढे धूसर पडदा येतो. मज्जारज्जूत पडला, तर पाय जड होतात, मुंग्या येतात. पुष्कळदा काही आठवड्यांत हे सारे ओसरते, आणि घोटाळा होतो तो इथेच. रोगी बहुधा वीस ते चाळीस वयाची स्त्री. सकाळी ती घरभर वावरते आणि कढत पाण्याने न्हाऊन आल्यावर मात्र ‘पाय उचलत नाही’ म्हणते. घरच्यांना ते ढोंग वाटते. ती सून असेल तर जरा लवकरच वाटते! वस्तुतः उष्णतेने उघड्या तंतूतील संदेश खरोखरच अडखळतो. अंग निवले की तो पुन्हा चालू लागतो.

म्हणून त्रास ओसरला तरी मज्जाविकारतज्ज्ञांकडे जावे. एम.आर.आय. चित्रात हे वण बहुधा दिसतात. स्टेरॉइडने झटका लवकर आटोक्यात येतो; पुढील झटके कमी करणारी औषधे १९९३ पासून मिळू लागली. रोग समूळ जात नाही. मात्र तो संसर्गजन्यही नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. याच्यासारखाच दिसणारा, दृष्टितंतू व मज्जारज्जू यांना ग्रासणारा आणखी एक विकार आहे. त्याची खूण रक्तात सापडते, हे २००४ साली कळले. याची काही औषधे त्याला अपायकारक ठरतात. तेव्हा उपचारापूर्वी रक्ततपासणीबद्दल वैद्यांना अवश्य विचारावे.