वर्ज्य अक्षरे आणि ग्राह्य अक्षरे

कोशकाराने लावून दिलेली शब्दांची व्यवस्था आद्याक्षराच्या हुकमाने चालते, आणि म्हणून ज्याला शब्द ठाऊक आहे परंतु अर्थ ठाऊक नाही त्याचेच काम कोश करून देतो. ज्याच्यापाशी केवळ चारदोन अक्षरे आहेत आणि त्यांना पोटात सामावून घेणारा शब्द हवा आहे, त्याची दरखास्त त्या दफ्तरात दाखल करून घेण्याची तजवीजच नसते. १८५० साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयात बसून कितीही जाडजूड इंग्रजी कोश पुढ्यात घेतला, तरी ‘जे’ आणि ‘व्ही’ ही दोन्ही अक्षरे कोणकोणत्या शब्दांत येतात हे पहिल्या पानापासून अखेरच्या पानापर्यंत वाचल्याखेरीज कळावयाचे नाही. आपल्याकडील भेंड्यांच्या खेळानेही या बाबतीत आपली फारशी तयारी करून घेतलेली नाही, कारण तेथे पदाचे शेवटचे अक्षर धरून दुसरे पद आठवले की काम भागते. मधल्या अक्षरांची चौकशी कोणी करीत नाही.

ही चौकशी ज्या इंग्रजी खेळाने घराघरांत नेली त्या स्क्रॅबलचा जनक आल्फ्रेड बट्स हा न्यूयॉर्ककडील वास्तुविशारद होता, आणि १९३०नंतरच्या महामंदीत काम सुटल्यामुळे हाती आलेला वेळ त्याने वृत्तपत्रांच्या पानांवर कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजण्यात घालविला. शंभर सोंगट्यांपैकी ‘ई’ला बारा आणि ‘क्यू’ला अवघी एक अशी वाटणी त्याने केली ती या मोजदादीवरून, ‘एस’ मात्र त्याने बुद्ध्याच चार ठेवले, कारण कोणत्याही नामाला ‘एस’ जोडून अनेकवचन साधण्याची मुभा मुक्तहस्ताने दिली असती तर खेळात राम राहिला नसता.

राम न राहण्याची गोष्ट निघालीच आहे तर पन्हाळगडाकडे वळणे प्राप्त आहे. १७२९ साली या गडावर जन्मलेले, तेथेच केशव व गणेश या पाध्ये बंधूंपाशी विद्या संपादन केलेले आणि पुढे बारामतीस स्थायिक झालेले मोरोपंत यांची एकशे आठ रामायणे रचल्याची ख्याती आहे, आणि त्यांपैकी ‘निरोष्ठ रामायण’ हे ओठांना ओठ न लावता म्हणता यावे अशा अक्षरांचे आहे. ओष्ठ्य वर्ण वर्ज्य म्हणजे प, फ, ब, भ आणि म हा सारा वर्ग गेला. नियम काटेकोर पाळावयाचा तर त्याच्यामागून उकारही गेला. आता रामायण सांगावयाचे आणि ‘राम’ म्हणावयाचे नाही! लक्ष्मण, भरत, हनुमान, बिभीषण, कुंभकर्ण यांना एकाच फर्मानाने हद्दपार करावयाचे, आणि ज्यांच्या उच्चाराला ओठ लागत नाहीत अशा सीता, जनक, अंगद, इंद्रजित यांच्या आणि दाशरथी, जानकीनाथ अशा पर्यायांच्या बळावर कथेचा कारभार हाकावयाचा. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तील मंत्रगुप्तही आपली हकीकत ओष्ठ्य वर्णांवाचून सांगतो, पण प्रियेच्या दंतक्षतांनी त्याचे ओठ दुखत होते अशी रसिक सबब त्याला होती, पंतांना तीही नव्हती. पाश्चात्त्यांत अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट याने १९३९ साली ‘ई’ वर्ज्य करून पन्नास हजारांहून अधिक शब्दांची ‘गॅड्स्बी’ ही कादंबरी लिहिली. अशा कृतींना चमत्कृती म्हणून नाक मुरडण्याची आपल्या टीकाकारांची जुनी चाल आहे आणि काव्य म्हणून त्यांचे मोल थोडे असेलही. पण शब्दांच्या शोधाचे मर्म मला तरी त्यांतच दिसते. कोणते अक्षर हवे हे सांगितल्याने मन सुचेल तो पहिला शब्द उचलून मोकळे होते. कोणते नको हे सांगितले म्हणजे ते सबंध भांडार उपसू लागते. जॉश वॉर्डल याने २०२१ साली सर्वांस खुला केलेला आणि आज कोल्हापुरातल्या तरुणांच्या हातातील फोनवरही दिसणारा ‘वर्डल’ हा खेळ सहा प्रयत्नांत पाच अक्षरी शब्द ओळखावयास लावतो, आणि त्यात मुरलेला खेळाडू पहिल्या प्रयत्नात किती अक्षरे जुळली यापेक्षा किती बाद झाली याचा हिशेब अधिक आस्थेने मांडतो.

अक्षरांवरून शब्द शोधून देणाऱ्या यंत्राची रीत निराळी. शब्दकोशातील प्रत्येक शब्दाची अक्षरे ते आधीच वर्णानुक्रमे लावून ठेवते, त्यामुळे ‘पोस्ट’, ‘स्टॉप’, ‘स्पॉट’, ‘पॉट्स’, ‘टॉप्स’ आणि ‘ऑप्ट्स’ हे सहाही शब्द ‘ओ-पी-एस-टी’ या एकाच नोंदीखाली जमा होतात, आणि आपण अक्षरे कोणत्याही क्रमाने दिली तरी निमिषार्धात सारी यादी हजर होते. खेळ चालू असता असली यादी पाहणे म्हणजे लबाडी. खेळ संपल्यावर पाहणे हा अभ्यास, आणि तो अवश्य करावा. माणसाला एवढी स्मृती नसल्यामुळे त्याने सोंगट्या सरळ ओळीत न ठेवता वर्तुळाकार मांडाव्या, ‘आय-एन-जी’सारखी शेपटे बाजूस काढून ठेवावी, ‘एच’ दिसताच त्याच्या मागे ‘सी’, ‘एस’, ‘टी’ लावून पाहावे.

परंतु ‘क्यू’ हाती आला आणि ‘यू’चा पत्ता नाही, अशा अडचणीच्या वेळी मराठी माणसाने आपल्याच घरात पाहावे. इंग्रजीत ‘यू’वाचून ‘क्यू’ चालविणारे शब्द पुष्कळसे अरबी-फारसीच्या वाटेने आलेले आहेत, आणि शिवकालापासून संस्थानी अमदानीपर्यंतच्या कागदपत्रांवर पोसलेल्या आपल्या भाषेला त्या वाटेची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. काझी तेथे अरबी वळणाने ‘क्यू-ए-डी-आय’ होऊन बसला आहे, तलाकच्या शेवटी आणि नकाबाच्या मध्यभागी ‘क्यू’ आहे. ‘झेड’ खपवावयाचा असेल तर जमीनदार आहे, ‘व्ही’साठी वकील, ‘जे’साठी जमादार. फकिराचे तर दोन्ही दरडींवर पाय आहेत, कारण तो ‘के’ घालूनही मान्य होतो आणि ‘क्यू’ घालूनही. पहिल्या सोंगटीचे गुण पाच, दुसरीचे दहा.