जखम, थंडी आणि न गोठणारे रक्त

भाजी चिरताना बोट कापले, तर दोन-चार मिनिटे दाबून धरले की रक्त थांबते. मग मोठ्या अपघातात, जेव्हा रक्त थांबण्याची सर्वांत जास्त गरज असते, नेमके तेव्हाच ते गोठेनासे का होते? शरीर दगा देते असे वाटावे, अशी ही गोष्ट आहे. पण तिच्यामागे असलेले रसायनशास्त्र शाळेच्या प्रयोगशाळेतही समजून घेता येते.

आधी बोटाचे काय होते ते पाहू. रक्तवाहिनी तुटताच ती आकसते. रक्तातील बिंबिका फटीवर चिकटून कच्चा बांध घालतात. मग रक्तद्रवातील प्रथिने एकापाठोपाठ एक जागी होतात. पहिले दुसऱ्याला, दुसरे तिसऱ्याला चेतवते. अखेरीस फायब्रिनोजेन या विरघळलेल्या प्रथिनापासून फायब्रिनचे धागे तयार होतात. या धाग्यांच्या जाळ्यात रक्तकण अडकले, की गाठ पक्की होते. या साखळीतील बहुतेक कड्या म्हणजे विकरे. विकरांचे लाड पुरवावे लागतात. त्यांना ठरावीक ऊब लागते, ठरावीक आम्लता लागते आणि ती पुरेशा प्रमाणात असावी लागतात.

मोठ्या जखमेत या तिन्ही गोष्टी बिघडतात. रक्त गेल्याने पेशींना प्राणवायू कमी पडतो. त्या प्राणवायूविना ऊर्जा मिळवू लागतात आणि लॅक्टिक आम्ल साठते. उष्णता निर्माण होणे मंदावते आणि शरीर थंड पडते. तापमान ३४ अंश सेल्सियसच्या खाली उतरले, की बिंबिका आणि विकरे दोन्ही सुस्तावतात. थंडीत विरजण लागायला उशीर होतो, तसेच हे. त्यातच नुसते सलाइन भरपूर दिले, तर उरलेली प्रथिने पातळ होतात. रक्त गोठत नाही म्हणून आणखी वाहते, आणि वाहते म्हणून आणखी गोठत नाही. वैद्यकात या दुष्टचक्राला ‘घातक त्रयी’ म्हणतात : थंडी, आम्लता आणि गोठण्यातील बिघाड.

वर्गात हे दाखवायला रक्ताची गरज नाही. लाळेतील विकर पुरेसे आहे. चार परीक्षानळ्यांत भाताची पातळ पेज घ्या. पहिल्या तीन नळ्यांत सारखीच लाळ घाला. चौथीत तेवढ्याच आकारमानाची, पण पाणी घालून खूप पातळ केलेली लाळ घाला. पहिली नळी कोमट पाण्यात ठेवा, दुसरी बर्फात. तिसरीत व्हिनेगरचे काही थेंब टाका. तिसरी आणि चौथी नळीही कोमट पाण्यातच असू द्या. दहा मिनिटांनी प्रत्येकीत आयोडीनचा थेंब सोडा. पहिलीतील निळा रंग नाहीसा झालेला किंवा फिका दिसेल. बाकीच्यांत तो कमी-अधिक टिकून राहील. विकर तेच, पण परिस्थिती बदलली की काम अडते.

पूर्वी डॉक्टरांना वाटे, की हा बिघाड उपचारांच्या ओघात, उशिरा होतो. २००३ मध्ये लंडनमधील १,०८८ जखमींच्या अभ्यासात दिसले, की जवळजवळ चौथ्या हिश्शाचे रक्त रुग्णालयात पोहोचतानाच नीट गोठत नव्हते. अशांपैकी ४६ टक्के दगावले. इतरांत हे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास होते. जबर धक्क्यात शरीर स्वतःच गाठी विरघळवू लागते, हे त्यामागचे एक कारण.

हे विरघळणे रोखणारे औषध जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने शोधले होते. ट्रानेक्झामिक आम्ल हे त्याचे नाव. त्याविषयीचा त्यांचा निबंध १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. जखमींवरील त्याची मोठी चाचणी मात्र २०१० मध्ये पुढे आली. भारतासह ४० देशांतील २० हजारांहून अधिक जखमी तिच्यात होते. औषधाने मृत्यू घटले. पुढच्या विश्लेषणात दिसले, की पहिल्या तासात दिल्यास लाभ सर्वांत जास्त होता. तीन तासांनंतर दिले, तर मात्र रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढलेले दिसले. औषध तेच, घड्याळाने गुण बदलला.

आता हे घड्याळ जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात लावून पाहा. जव्हारजवळच्या शिरपामाळावर, १६६४ मध्ये सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम पडल्याचे सांगितले जाते. आज त्या वाटांच्या जागी गाडीरस्ते आहेत, पण वळणे आणि घाट तेच. जव्हारला पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे. परंतु मोठी शस्त्रक्रिया आणि भरपूर रक्त लागणार असेल, तर बहुधा नाशिक किंवा ठाण्याची वाट धरावी लागते. नाशिकच सुमारे ८० किलोमीटर. पाड्यावरून सडकेपर्यंत यायला लागणारा वेळ वेगळाच. त्यात पावसाळा असला, तर झाडावरून पडलेला किंवा मोटारसायकलवरून घसरलेला माणूस ओल्या कपड्यांत कुडकुडत असतो. म्हणजे त्रयीतील पहिली कडी रस्त्यावरच जोडली जाते.

ती तोडणे मात्र कुणाच्याही हातात आहे. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. ते भिजले तरी काढू नका, वर दुसरे ठेवा. हळद, तंबाखू, माती जखमेत भरू नका. मान-पाठ न हलवता ओले कपडे कापून काढा. घोंगडी पांघरा आणि जमेल तर अंगाखालीही काही कोरडे सरकवा, कारण ओली जमीन ऊब शोषून घेते. खायला-प्यायला देऊ नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. आणि अपघात किती वाजता झाला, ते कागदावर लिहून जखमीबरोबर पाठवा. औषध द्यायचे की नाही, हे ठरवताना डॉक्टरांना ती वेळ हवी असते.

रक्तपेढी पाड्यावर नेता येत नाही. पण घोंगडी प्रत्येक घरात असते, आणि घड्याळ प्रत्येक शाळेत.