बिरड्याच्या सणाचा शोक

कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, बेने इस्रायल समाज ज्याला ‘बिरड्याचा सण’ म्हणत आला, तो वस्तुतः सण नव्हे. तो कडक उपवासाचा आणि शोकाचा दिवस आहे. आमच्या ओझर-नाशिककडील वाचकाला हे नाव कदाचित अपरिचित असेल. यहुदी पंचांगातील आब महिन्याची ही नवमी बहुतेक वर्षी आपल्या श्रावण शुद्ध नवमीच्या आसपास येते. मोड आणून सोललेल्या वालांचे बिरडे या व्रताशी जोडले गेले आणि कोकणच्या मराठीने दुःखालाही स्वयंपाकघरातले नाव दिले.

जेरुसलेमचे पहिले मंदिर इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास बाबिलोनी सैन्याने उद्ध्वस्त केले, दुसरे इ. स. ७० मध्ये रोमनांनी. दोन्ही आघातांचे स्मरण याच तिथीस होते. त्या रात्री सिनेगॉगमध्ये मंद प्रकाशात, जमिनीवर बसून ‘विलापगीत’ वाचतात. कातडी जोडे घालीत नाहीत, परस्परांस अभिवादन करीत नाहीत. एरवी सर्वश्रेष्ठ मानलेले धर्मग्रंथांचे अध्ययनही वर्ज्य असते. कारण त्याने मन आनंदते!

परंतु या व्रताचे मर्म निराळेच आहे. दुसरे मंदिर का पडले, या प्रश्नाला तालमूद हा ग्रंथ ‘रोमनांमुळे’ असे उत्तर देत नाही. लोकांत परस्परांविषयी निष्कारण द्वेष माजला होता म्हणून, असे तो सांगतो. रोमनांचा अपराध यामुळे झाकला जातो असे नव्हे. पण भग्न देवालयाच्या आठवणीतून बहुधा शत्रूचे नाव बाहेर येते, हे आपल्या देशातही आपण पाहिले आहे. येथे शोक करणारा प्रथम स्वतःकडे बोट दाखवितो. आजच्या जेरुसलेममध्ये हा धडा सर्वांना पचला आहे, असे मात्र म्हणवत नाही.

बेने इस्रायलांची गोष्ट तर अधिकच विलक्षण. त्यांच्या परंपरेनुसार, दुसरे मंदिर जळाले तेव्हा त्यांचे पूर्वज नौगावच्या किनाऱ्यावर कधीच येऊन पोचले होते. येथे ते तेलाचे घाणे चालवीत, शनिवारी काम बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. कोकणात त्यांचे प्रार्थनास्थळ कोणी पाडले नाही. तरीही न पाहिलेल्या मंदिरासाठी हा समाज उपाशी राहिला. १९४८ नंतर त्यांच्यापैकी बहुतेक इस्रायलला गेले. मागे उरलेल्या थोड्यांकडे आजही ही नवमी पाळली जाते.

या दिवशी दुपारपर्यंतच जमिनीवर बसावयाचे असते. नंतर शोक करणारे उठून आसनावर बसतात, उपवास मात्र चांदण्या दिसेपर्यंत चालतो. मशीहाचा जन्मही याच दिवशी होतो, अशी त्यांच्यात एक जुनी श्रद्धा आहे.